रॉकेटमधला राजा

फ्लॅश गॉर्डन आपला माणूस नव्हे. हे कळायला कुणी पंडित लागत नाही. सोनेरी केसांचा, येल विद्यापीठात शिकलेला, घोड्यावर बसून पोलो खेळणारा हा गडी. अलेक्स रेमंड नावाच्या अमेरिकन चित्रकारानं त्याला ७ जानेवारी १९३४ रोजी वर्तमानपत्राच्या रविवारच्या पानावर जन्माला घातलं. मोंगो नावाचा ग्रह पृथ्वीवर आदळायला निघालाय. डॉक्टर झार्कॉव्ह नावाचा अर्धवट डोक्याचा शास्त्रज्ञ रॉकेट बांधतो. गॉर्डन, डेल आर्डन नावाची पोरगी आणि झार्कॉव्ह असे तिघं त्यात बसून त्या ग्रहावर जाऊन पडतात. तिथं मिंग नावाचा जुलमी बादशहा. मग मारामारी, पळापळी, किरणांच्या बंदुका. एवढीच गोष्ट. ती वर्षानुवर्षं चालली.

आपल्याकडं हा गडी इंद्रजाल कॉमिक्समधून आला. टाइम्स ऑफ इंडियाच्या कंपनीनं १९६४ साली इंद्रजाल काढलं, १९९० साली ते बंद पडलं. त्यात मुख्य मान वेताळाचा आणि जादूगार मॅन्ड्रेकचा. गॉर्डन अधूनमधून. माझा आज्जा वेल्ह्याकडून मुंबईच्या गिरणीत गेलेला. सुट्टीवर येताना ट्रंकेत कपड्यांखाली असली पुस्तकं टाकून आणायचा आणि अक्षर लावून लावून स्वतःच वाचायचा. १९८२ च्या संपानंतर तो गावी आला तो ट्रंकेसकट. मी जन्मलो तेव्हा इंद्रजाल बंद पडून वर्षं झाली होती, पण ट्रंक होती. आता माझ्याकडं जे उरलंय त्याला मुखपृष्ठ नाही, मधली पानं उंदरांनी नेली, शेवट नाही. लहानपणी मी ते पन्नास वेळा वाचलं असेल. आता गिरणीत लागल्यावर, पाळी संपवून, डोळे चुरचुरत असताना परत वाचलं, आणि प्रश्न पडला. प्रश्न असा की हे पुस्तक ठेवायचं की जाळायचं?

जाळायचं हा शब्द माझा नाही. भोरला आम्ही चार-पाच पोरं आठवड्यातून एकदा वाचायला बसतो, त्यातला एक दोस्त वकिलीचं शिकतो, त्याचा. तो म्हणाला, "गोरा येतो, रंगीत कातडीच्या लोकांना त्यांच्याच राजापासून सोडवतो, आणि शेवटी त्यांनीच त्याचा जयजयकार करायचा. असलं विष पोराबाळांच्या हातात द्यायचं? बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला काय केलं ते विसरलास काय?"

विसरलो नाही. पण महाडला एकाच वर्षात दोन गोष्टी झाल्या. डिसेंबरात मनुस्मृती जाळली. त्याआधी २० मार्चला चवदार तळ्याचं पाणी प्यालो. तळं काही आपल्यासाठी राखलेलं नव्हतं. ज्यांच्या ताब्यात होतं ते आपल्याला काठावर उभं करत नव्हते. म्हणून काय बाबासाहेब म्हणाले, की हे तळं त्यांचं, विटाळलेल्या मनाच्या लोकांचं, आपण त्याला हात लावायचा नाही? उलट ओंजळ भरली. म्हणजे जे आपल्याविरुद्ध आहे त्याच्याशी वागायच्या दोन रीती एकाच गावात, एकाच वर्षी, एकाच माणसानं दाखवल्या. आता सवाल असा, की हे कॉमिक तळं आहे की स्मृती?

दोस्ताला वाटतं हा सवाल पोरकट आहे. मला वाटत नाही. आपल्या पिढीनं वाचलेलं, पाहिलेलं, ऐकलेलं जवळजवळ सगळं दुसऱ्यांनी दुसऱ्यांसाठी केलेलं आहे. शाळेचं पुस्तक, सिनेमा, गाणी, गणपतीतल्या कथा, सगळं. त्यात आपण असलोच तर कडेला, हातात काहीतरी धरून उभे. हे सगळं जाळायचं म्हटलं तर काडेपेट्या पुरणार नाहीत, आणि सगळं प्यायचं म्हटलं तर पोट फुगून मरू. तेव्हा निवडायचं कसं, हे ठरवावंच लागतं. मी ते एका फाटक्या कॉमिकवर ठरवू पाहतोय, कारण तेच माझ्याकडं आहे.

आधी तो मिंग बघा. बारीक तिरके डोळे, लोंबत्या मिशा, लांब नखं, सुरुवातीच्या रंगीत पानांवर कातडी चक्क पिवळी. ग्रहाचं नाव मोंगो. अमेरिकेत त्या वेळी चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा चालू होता, १८८२ पासून १९४३ पर्यंत तो चालला. म्हणजे रेमंडनं परग्रहावरचा राक्षस काढला नाही, शेजारच्या गल्लीत धुलाईचं दुकान चालवणाऱ्या माणसाची भीती काढली आणि तिला मुकुट घातला. त्या हिशेबानं तुम्ही-आम्ही गॉर्डनपेक्षा मिंगच्या जवळचे. तरी वेल्ह्याकडच्या वस्तीतलं पोर वाचताना गॉर्डनच्या बाजूनं ओरडत होतं. यावर एखादा शहाणा म्हणेल, बघा गुलामी मनोवृत्ती, गोऱ्याच्या बाजूनं उभं राहिलं. असल्या शहाण्यांशी आपली ओळख जुनी आहे, १ जानेवारी १८१८ च्या लढाईबद्दलही ते हेच म्हणतात. अरे, त्या पोरानं कातडी बघितलीच नव्हती. त्यानं पायऱ्या बघितल्या. वर सिंहासन, खाली पायऱ्या, पायऱ्यांच्या खाली वाकलेली माणसं. हे चित्र त्याला ओळखीचं होतं. जो त्या पायऱ्या धडाधड चढून वर जातो तो त्याचा हिरो झाला. यात त्या पोराचं काही चुकलं नाही, आणि मी आजही त्याला चूक म्हणणार नाही.

पण आता वाचताना दुसरंच दिसतं. मोंगोवर माणसं एका जातीची नाहीत. पंखवाले आहेत, ते आकाशातल्या नगरीत राहतात, त्यांचा राजा व्हल्टन. सिंहमानव आहेत, त्यांचा राजपुत्र थन. पाण्याखाली शार्कमानव, त्यांचा राजा काला. जंगलाच्या राज्याचा राजपुत्र बॅरिन. कोण उडणार, कोण पोहणार, कोण जमिनीवर झुंजणार हे जन्मानं ठरलेलं. पंखवाल्याचं पोर पंखवालं, शार्कमानवाचं पोर शार्कमानव. आणि या सगळ्यांच्या वर मिंग. बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण करू न दिलेल्या भाषणात सांगितलं, की जात ही नुसती कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे. त्याच्या दोनच वर्षं आधी न्यूयॉर्कमध्ये बसून एक चित्रकार असा ग्रह काढत होता जिथं ही वाटणी थेट अंगावर उगवलेली आहे. पंख म्हणून, कल्ला म्हणून, आयाळ म्हणून. मनूलाही इतकं नेटकं सुचलं नव्हतं. त्याला बिचाऱ्याला मुख, बाहू, मांड्या, पाय एवढ्यावर भागवावं लागलं.

आणि गॉर्डन काय करतो? मिंगशी लढतो, जातींशी नाही. त्याचे दोस्त कोण, तर थन राजपुत्र, बॅरिन राजपुत्र, व्हल्टन राजा. वाईट राजा पाडायचा आणि चांगला राजा बसवायचा, ही त्याची क्रांती. पायऱ्या तशाच. त्यांच्याखाली वाकलेली माणसंही तशीच, फक्त आता चांगल्या राजापुढं वाकतात.

हे मला माझ्या हुशारीनं दिसलं असं नाही. माझ्या आजीनं दाखवलं. तिला वाचता येत नाही. एकदा मी पुस्तक चाळत होतो, ती शेजारी तांदूळ निवडत होती. विचारलं, "कशाचं रं चित्र?" म्हटलं, "आज्जे, हे लोक यंत्रात बसून दुसऱ्या दुनियेत गेलेत. चांदण्यांच्या पल्याड." तिनं पान जवळ घेऊन बघितलं आणि म्हणाली, "एवढ्या लांब ग्येलं, आन् तितं बी राजाच व्हय?"

मला तरी यापेक्षा चांगली समीक्षा करता येणार नाही. नुसता विस्तार करतो.

गंमत बघा. ज्या देशानं १७७६ सालीच राजा नको म्हणून जाहीर केलं, त्या देशाचा चित्रकार हा. त्याला रॉकेट सुचतं, किरण सुचतात, आकाशात तरंगणारं शहर सुचतं. राजा नसलेला ग्रह सुचत नाही. त्याच्या मागून आलेल्यांचंही तेच. जॉर्ज लुकासला गॉर्डनवरच सिनेमा काढायचा होता, हक्क मिळाले नाहीत म्हणून त्यानं १९७७ साली स्टार वॉर्स काढला. त्यातही राजकन्या आहेच. बाकी सगळं बदलण्याची कल्पना करता येते, पण कोण वर आणि कोण खाली हे बदलण्याची करता येत नाही. कल्पनेला पंख असतात म्हणतात. असतील. पण ते पंखही व्हल्टनच्या लोकांसारखे जन्मानं मिळालेले दिसतात. जो ज्या पायरीवर बसलेला असतो, त्याच्या खालच्या पायऱ्या त्याच्या स्वप्नातसुद्धा शाबूत राहतात.

आमच्याकडं भोर हे पंतसचिवांचं संस्थान होतं. १९४८ साली ते विलीन झालं. राजा गेला, राजवाडा राहिला. आता तिथं सिनेमावाले येतात, कापडी पडदे लावतात, दिवे लावतात आणि नवेनवे राजे उभे करतात. शूटिंग बघायला गर्दी होते. कुणी दोष देऊ नये, मीही जाऊन बघितलंय. पण गर्दीतल्या एकालाही असं वाटत नाही, की या वाड्यात एखादं वेगळं चित्र काढता येईल.

आता यंत्राकडं येतो, कारण माझं पोट यंत्रावर आहे. आपल्यातले पुष्कळ लोक म्हणतात, विज्ञान आलं की जात जाईल. यंत्राला जात कळत नाही. हे अर्धं खरं आहे. यंत्राला कळत नाही, पण यंत्रापुढं कोण उभं राहणार हे ठरवणाऱ्याला कळतं. मुंबईच्या गिरण्यांत वाफेवर चालणारे माग आले, ते मँचेस्टरकडून आले, त्यांच्यावर कुठं गंध-टिळा नव्हता. पण धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालायची, आणि धोट्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढून घ्यायचं, अशी कामाची रीत. एकाच्या तोंडाचं सूत दुसऱ्याच्या तोंडाला. झालं! अस्पृश्याला विणकाम खात्यात बंदी. जास्त पगार तिथंच. आपली माणसं कमी पगाराच्या रिंग खात्यात. १९२८-२९ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा सवाल पुढं आणला तेव्हा मालक म्हणाले, हे आम्ही केलेलं नाही. आणि ते खरं होतं. ती बंदी मालकांच्या वहीत नव्हती, सोबतच्या कामगारांच्या ओठांवर होती. लाल बावटा खांद्यावर आणि सोवळं ओठांवर. १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढं बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू का सांगितले, ते या एवढ्याशा सुताच्या धाग्यावरून कळतं. आज धोटाच नसलेले माग आहेत, हवेच्या झोतानं सूत फेकणारे. तोंड लावायचं कारण उरलं नाही. तेव्हा जात दुसरं कारण शोधते, ती काय बेकार बसत नाही.

आज्जा रिंग खात्यातच होता. तो यावर जास्त बोलायचा नाही. एवढंच म्हणायचा, की तुटलेलं सूत सांधताना बोटांना जात नसते.

तरीही बाबासाहेब यंत्राच्या विरोधात गेले नाहीत, हे नीट ध्यानात घेतलं पाहिजे. गांधींनी १९०९ साली हिंद स्वराजमध्ये यंत्राला पाप ठरवलं. बाबासाहेबांनी १९४५ सालच्या आपल्या पुस्तकात, काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांचं काय केलं त्याचा हिशेब मांडताना, उलट सांगितलं. दोष यंत्राचा नाही, दोष समाजाच्या रचनेचा आहे. माणूस जनावरासारखा दिवसभर राबत राहिला तर त्याला माणूस व्हायला वेळ कधी मिळणार? यंत्रानं तो वेळ द्यावा. म्हणजे रॉकेट हवंच. रॉकेटमधला राजा नको. माझं सगळं म्हणणं या दोन वाक्यांच्या मध्ये कुठंतरी आहे.

भाटघरचं धरण बघा. आमच्या वेळवंडी नदीवर इंग्रजांच्या काळात, १९२८ च्या सुमाराला हे मोठं धरण पुरं झालं. दगडी बांधकामाचा अचंबा आहे, मी नाही म्हणत नाही. त्याचं पाणी नीरेच्या कालव्यांनी खाली बारामती, इंदापूर, फलटणकडं जातं, तिथं ऊस होतो. ज्यांच्या खोऱ्यात ते साठतं त्यांच्या बायका उन्हाळ्यात हंडा घेऊन फिरतात. पाणी ओसरलं की बुडालेलं जुनं देऊळ वर येतं, त्याचे फोटो छापून येतात, लोक गाड्या घेऊन बघायला येतात. गाव बुडालं तर गावकूस बुडालं आणि गावकुसाबाहेरचंही बुडालं असणार. पण देऊळ दगडाचं असतं, ते परत वर येतं. आपली घरं मातीची, ती विरघळली. त्यांचा फोटो कोण काढणार? वेल्ह्यातलं पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं, पुणं वाहून गेलं, ते सगळ्यांना पाठ आहे. पानशेतच्या पाण्याखाली जी गावं आधीच गेली होती, त्यांची गोष्ट सांगायला मात्र धरण फुटावं लागतं. झार्कॉव्हचं रॉकेट आणि आमची धरणं एकाच जातीची. विद्या खरी, यंत्र खरं, आणि खाली कोण जाणार तेही आधीच ठरलेलं.

कुणी म्हणेल, इंद्रजालवाल्यांचा यात काय दोष, त्यांनी अमेरिकेत झालेलं तसंच छापलं. तसंच छापलं नाही. हेच तर सांगायचंय. वेताळाच्या मूळ गोष्टीत देशाचं नाव बंगालीसारखं होतं, ते इंद्रजालमध्ये डेंकाली केलं. समुद्री चाच्यांची टोळी सिंग होती, तिची सिंगा झाली. वेताळाच्या बापाला मारणारा रामा, त्याचा रामालू झाला. म्हणजे टेबलावर पेन घेऊन बसलेला एक शहाणा माणूस होता, त्याला कळत होतं की अमुक नाव छापलं तर अमुक वाचक दुखावेल. बंगाली दुखावेल, सरदारजी दुखावेल, रामभक्त दुखावेल. त्यानं बरोबर त्या त्या जागी पेन फिरवलं. आणि कवटीच्या आकाराच्या गुहेत सिंहासनावर बसलेल्या गोऱ्या माणसासमोर उभे असलेले बुटके बांदार, मॅन्ड्रेकच्या मागं बिबट्याचं कातडं नेसून चालणारा, एका मोठ्या मुलखाचा राजपुत्र असूनही नोकर झालेला लोथार? तिथं पेनमधली शाई संपली. कारण ते बघून दुखावणारा वाचक त्या माणसाच्या हिशेबात वाचकच नव्हता. अक्षर लावून वाचणारा रिंग खात्यातला माझा आज्जा त्याच्या डोळ्यांसमोर कधी आलाच नाही. (आमच्याकडं वेताळ शिवेवर असतो, हे एक सहज सांगून ठेवतो. सिंहासनावर बसलेला वेताळ पहिल्यांदा मी इंद्रजालमध्येच बघितला.)

इथपर्यंत वाचून दोस्त म्हणेल, मग जाळ की लेका! थांब. अजून एक कॉमिक आहे. तेही अमेरिकेतलंच, तेही जुनंच, तेही ग्रह आणि रॉकेटवालं. मी ते शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं. 'वीअर्ड फँटसी' नावाच्या मासिकात १९५३ साली आलेली 'जजमेंट डे' ही गोष्ट. अल फेल्डस्टीननं लिहिलेली, जो ऑर्लँडोनं चित्रं काढलेली.

पृथ्वीवरून टार्ल्टन नावाचा अधिकारी एका यंत्रमानवांच्या ग्रहावर येतो. अंगभर अंतराळवीराचा पोशाख, डोक्यावर हेल्मेट, तोंड दिसत नाही. त्या ग्रहाला आकाशातल्या प्रजासत्ताकात घ्यायचं की नाही हे तो तपासणार. यंत्रमानव दोन रंगांचे, नारिंगी आणि निळे. नारिंगी यंत्रमानव मोठ्या हौसेनं कारखाना दाखवतो, शहर दाखवतो. टार्ल्टनच्या ध्यानात येतं की आतले सुटे भाग सारखे, जोडणी सारखी, फरक फक्त वरच्या पत्र्याच्या रंगाचा. तरी निळ्यांची वस्ती वेगळी, निळ्यांचं काम वेगळं, आणि बसमध्ये निळ्यांनी मागं बसायचं.

निळ्यांनी! वाचताना मी गिरणीच्या कँटीनमध्ये एकटाच मोठ्यानं हसलो. त्या अमेरिकनाला आपला झेंडा माहीत असायचं काही कारण नाही. पण पडला योग. १९४६ साली बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्यांच्या संयुक्त राष्ट्रसंघाकडच्या अर्जाची चौकशी केली होती, आणि १९७२ साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव तिकडूनच उचललं. तेव्हा निळा रंग तिकडं आपोआप पोचला असं म्हणायला माझी हरकत नाही.

शेवटी टार्ल्टन सांगतो, तुमचा ग्रह अजून लायक झालेला नाही. रॉकेटमध्ये बसतो. हेल्मेट काढतो. शेवटच्या चौकटीत कळतं की तो काळा माणूस आहे.

पुढची गोष्ट कॉमिकच्या बाहेरची आहे. १९५६ साली ही गोष्ट दुसऱ्या मासिकात पुन्हा छापायची ठरली. तोवर अमेरिकेत कॉमिक्सवर नैतिक देखरेख करणारं मंडळ बसलेलं. त्याचा प्रमुख, माजी न्यायाधीश, म्हणाला अंतराळवीर काळा चालणार नाही. लेखक म्हणाला, अहो, सगळी गोष्टच त्याच्यासाठी आहे. मग तो म्हणाला, निदान त्याच्या कपाळावरचा घाम तरी काढा. प्रकाशक विल्यम गेन्स भडकला आणि त्यानं घामासकट छापलं. त्याच वेळी माँटगोमेरी शहरात काळी माणसं बसवर बहिष्कार टाकून मैल मैल पायी चालत कामाला जात होती. कागदावरच्या माणसाचा घामसुद्धा सहन होत नाही, हे वाचल्यावर मला ते मंडळ फार जवळचं वाटलं. असली मंडळं मराठीतही आहेत. त्यांना दलित कविता चालते, पण जरा घाम पुसून या म्हणतात.

या गोष्टीवरही माझं एक म्हणणं आहेच. निवाडा बाहेरून आलेला माणूस करतो. निळे मोर्चा काढत नाहीत. बसमध्ये पुढं जाऊन एकही निळा बसत नाही. काळा माणूस काढायला हिंमत लागली, ती दाखवली. पण उठलेला निळा त्यांनाही काढता आला नाही. तो काढायचं काम बहुतेक निळ्यांचंच आहे. आणि उगाच हुरळूनही जायला नको. १९६६ सालच्या कॉमिकमध्ये काळ्यांचा स्वतःचा हिरो ब्लॅक पँथर आला, वाकांडा नावाचा विज्ञानात पुढारलेला देश आला, आता त्याचे सिनेमेही झाले. पण तो कोण, तर राजा! आजीला दाखवायला हवा.

तरी 'जजमेंट डे'नं एक गोष्ट साबित केली. रॉकेट, ग्रह, परके जीव, हे सगळं साहित्य जसं मिंगची सिंहासनं उभी करायला चालतं, तसंच ती पाडायलाही चालतं. आकाश तळ्यासारखं आहे. ते कुणी बांधलेलं नाही, कुंपण मात्र घातलेलं आहे. गॉर्डनच्या कॉमिकमध्ये तळंही आहे आणि स्मृतीही आहे, एकाच पानावर, एकमेकांत मिसळून. मनुस्मृती आज्ञा देणारं पुस्तक होतं, अमक्याला शिक्षा कर, तमक्याला जवळ करू नकोस. त्याला जाळण्यावाचून दुसरं उत्तर नव्हतं. कॉमिक आज्ञा देत नाही, सवय लावतं. सवयीला जाळता येत नाही, ती ओळखावी लागते, आणि ओळखायची तर पान डोळ्यांपुढं लागतं. जाळलेल्या पानावर राजा कुठं बसला होता हे माझ्या पोराला मी कसं दाखवू?

दोस्ताचं एक म्हणणं मात्र मी खोडू शकत नाही. तो म्हणाला, तू आकाशाच्या गोष्टी करतोस, आपली माणसं गटारात मरतायत. खरं आहे. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं, आम्हीही पेढे वाटले. त्याच्या दोन महिन्यांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की गटारात मेलेल्याच्या घरच्यांना तीस लाख द्या. हातानं मैला काढण्याविरुद्ध कायदा १९९३ चा, त्यावर पुन्हा कायदा २०१३ चा. गॉर्डन परग्रहावर जातो तर तिथली हवा त्याला चालते, हेल्मेटसुद्धा लागत नाही. आणि आपल्या शहरात, जमिनीखाली आठ-दहा हात, अशी हवा आहे की जी माणसाला मारते, तिथं आपला माणूस बनियनवर उतरतो. अंतराळवीराचा पोशाख, नळी, प्राणवायू, हे सगळं तयार करायची विद्या या देशाकडं आहे. ते कुणासाठी तयार होतं आणि कुणासाठी होत नाही, हा काही विज्ञानातला प्रश्न नाही.

पण दोस्ता, म्हणूनच आकाश सोडता येत नाही. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादला गेलेल्या रोहित वेमुलाला काय व्हायचं होतं? विज्ञानाचा लेखक. कार्ल सेगनसारखा. त्याच्या मनात तारे होते, आणि त्याच्याकडं बघणाऱ्यांना तो एक आकडा, एक मत, एक जात दिसत होती. त्याला कुणी म्हटलं असतं की तारे आपले नव्हेत, तू फक्त गटाराबद्दल लिही, तर त्यालाही त्याच कुंपणाच्या आत ठेवल्यासारखं झालं असतं. गटारात उतरणाऱ्या माणसाला हेल्मेट मागायचं आणि त्याच्या पोराला दुर्बीण मागायची, यातलं एक आधी आणि एक नंतर असं करायला मी तयार नाही.

सध्या मी कविता बाजूला ठेवून एक गोष्ट लिहितोय. एक रॉकेट निघालंय, दहा माणसं, सात वर्षांचा प्रवास. इंद्रजालची सगळी पानं मी परत तपासली, एवढ्या रॉकेटांत संडास कुठं आहे आणि तो साफ कोण करतं हे एकाही चौकटीत नाही. गोष्ट तिथंच अडली होती. यंत्र ठेवावं तर ते बिघडतं, आणि बिघडलेलं यंत्र कोण उघडणार हा सवाल परत तिथंच येतो. शेवटी गिरणीत लावतात तसा पाळीचा तक्ता केला. दहा नावं, आळीपाळीनं. सोमवारी कॅप्टन.